तुटलेल्या तारेवरून गेलेले तीस शब्द

इथले असे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगू का, वाचता वाचता मनातल्या मनात उत्तरं देत असतो – हा वारा असेल, हा उंदीर असेल, ह्या गृहस्थांना त्या दिवशी ताप असेल. माझा स्वभावच तसा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस मी. कॉम्प्युटर क्लास उघडला त्या दिवशी आईनं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली, तर मी ती तिच्यादेखत सोडली आणि म्हणालो, "आई, याला विजेचा झटका लागतो, दृष्ट लागत नाही." आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तर असा मी. आणि हा प्रसंग माझ्यासमोर घडलाय – भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, आणखी दोन माणसं शेजारी असताना.

साल १९९९, मार्च महिना. गाव अंबाजोगाई. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानावर माझा क्लास होता. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या. तीन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एक टेलिफोन आणि एक मोडेम. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं – तेव्हा इंटरनेट हवेतून येत नव्हतं. टेलिफोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी नंबर फिरवायचा, औरंगाबादला लाइन लागायची, मग आतून अशी काही किंचाळी निघायची की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. ती किंचाळी झाली की समजायचं, दोन मशीनची ओळख पटली. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकायला लागायचे. कधी कधी दहा-दहा वेळा फिरवूनही लागायचं नाही.

गावात तेव्हा "इंटरनेट" शब्दाची नुसती हवा होती. लोक जिना चढून यायचे आणि विचारायचे, "दाखवा की ते नेट!" मी समजावून सांगायला लागलो की पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटायला लागत. प्रोटोकॉल, सर्व्हर, डोमेन... मलाच कळायचं की आपलं सगळं डोक्यावरून चाललंय.

आणि मग वहिनी यायला लागल्या.

मंगलवहिनी – माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माहेर युसूफ वडगावचं. बी.एस्सी. फर्स्ट क्लास. लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि सहा वर्षांत त्यांनी हातात धरलेलं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे पंचांग. दुपारी माझा डबा घेऊन यायच्या, मी जेवेपर्यंत शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायच्या. आधी नुसतं बघायच्या. मग टाइप करायला शिकल्या. तीन महिन्यांत माझ्या विद्यार्थ्यांच्या चुका काढायला लागल्या.

एकदा एक ग्रामसेवक आले होते. त्यांना मी ई-मेलचा पत्ता दाखवला. ते म्हणाले, "हे @ काय हाय? आमच्या दुकानदाराच्या पावतीवर असतंय. भावाचं चिन्ह हाय न्हवं?"

मी "युजरनेम आणि होस्ट यांच्यामधला सेपरेटर" असं काहीतरी सुरू केलं. वहिनी डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मु. पो. हो! आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट, मग गाव. @ म्हणजे मुक्काम पोस्ट."

ग्रामसेवक मांडीवर थाप मारून म्हणाले, "असं सांगा की मग!"

त्या दिवसापासून भिंतीवर एक मोठा कागद लागला. त्यावर वहिनी एकेक शब्द लिहायच्या. मोडेम – दुभाष्या. तारेला कळंल असं कॉम्प्युटरचं बोलणं करून सांगतो. राउटर – फाट्यावर उभा राहून 'चौसाळ्याला असं, केजला तसं' सांगणारा माणूस. पॅकेट – लग्नाचं सामान एका गाडीत मावत नाही, म्हणून भांडी एका टेम्पोत, गाद्या दुसऱ्यात, आणि मांडवात पोचल्यावर चिठ्ठ्या बघून पुन्हा एकत्र लावायचं. आणि पिंग – दाराबाहेरून हाक मारायची, "हाय का कोणी घरात?" आतून "हाय" आलं की झालं. किती वेळानं आलं त्यावरून घर किती लांब ते कळतं.

लोक तो कागद वाचायलाच यायला लागले.

एक दिवस पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात पेपरात आली. सोप्या मराठीत कॉम्प्युटरची पुस्तकं काढणार होते, लिहिणारी माणसं हवी होती. वहिनींनी कुणाला न सांगता अर्ज टाकला. उत्तर आलं – सोबत तीस शब्दांची यादी. हे शब्द साध्या माणसाला कळतील असे समजावून लिहा आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. टपालानं नाही, कुरियरनं नाही, फक्त ई-मेलनं. खाली लिहिलं होतं की ज्याला इंटरनेट शिकवायचंय त्यानं ते वापरून दाखवावं. निवड झाली तर तीन महिने पुण्यात शिकायला राहायचं, नंतर काम घरूनच.

घरात वादळ झालं. आमचे वडील – आप्पा – यांचं मंडईजवळ कापडाचं दुकान. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, बोलणं कमी पण निघालं की शेवटचं.

"कावून? काय कमी हाय घरात?" आप्पांनी विचारलं.

"कमी काही नाही आप्पा," वहिनी म्हणाल्या. "मला येतंय, म्हणून करायचंय."

आप्पा म्हणाले, "बरं. एकदा करून बघ. शुक्रवारी पाचच्या आत त्याह्यला पोचलं तर तुझं नशीब. न्हाई पोचलं तर पुन्यांदा ह्या घरात हा विषय काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल."

तीन दिवस वहिनींनी जेवणाकडेही नीट लक्ष दिलं नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकोणतीस शब्द झाले. तिसावा राहिला – 'कनेक्शन'. तो त्यांच्या मनासारखा उतरेना. मीच म्हणालो, "राहू द्या वहिनी, उद्या निवांत लिहा, उद्या पाठवू." हे वाक्य पुढे मला फार टोचलं.

शुक्रवारी बारा वाजता मी रिसीव्हर उचलला. काहीच नाही. डायल टोन तर नाहीच, पण बंद फोनमध्येसुद्धा जी एक बारीक घरघर असते, तीही नाही. खाली औषधवाल्यांचा फोन बंद. समोरचा एसटीडी बूथ बंद. चौकशी केली तर कळलं की कोपऱ्यावर नालीचं खोदकाम चालू होतं आणि अकराच्या सुमारास टेलिफोनची केबल तुटली. अख्ख्या गल्लीच्या, पार मंडईपर्यंतच्या लाइनी गेल्या.

मी कोपऱ्यावर पळालो. लाइनमन सय्यदचाचा खड्ड्याच्या काठावर बसले होते. "आज होत नाही भाऊ," ते म्हणाले. "जॉइंटचा सामान बीडवरून येतो. उद्या दुपारपर्यंत बघू."

गावात दुसरं कुणाचं कनेक्शन मला माहीत नव्हतं. लातूरला एक सायबर कॅफे होता. या पळापळीत दोन वाजले. वर येऊन सांगितलं तर वहिनी खुर्चीत तशाच बसून राहिल्या. तेवढ्यात दादा आला – माझा भाऊ. तीन दिवस तो या भांडणात ना इकडं ना तिकडं, असा होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फ्लॉपीवर दे. मी जातो लातूरला."

वहिनींनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं, सहा वर्षांत तसं पहिल्यांदाच बघितलं असेल.

एकोणतीस शब्द फ्लॉपीवर घेतले – तिसावा राहिला तर राहिला. फ्लॉपी वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात, आणि सव्वादोनला दादाची मोटारसायकल निघाली. आता आमच्या हातात काही नव्हतं. फोन बंद, म्हणजे तो पोचला की नाही, मेल गेला की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता.

चारच्या सुमारास जिना वाजला. आप्पा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा क्लासमध्ये आलेले. धोतर सावरत खुर्चीवर बसले.

"झालं का?"

"लाइन मेलीय आप्पा," मी म्हणालो. "दादा लातूरला गेलाय."

"मंग झालंच की," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरं तर त्यांनाही थोडं वाईटच वाटलंय, असं वाटलं मला.

वहिनींनी खुर्ची पुढं ओढली, फाइल उघडली आणि तिसावा शब्द लिहायला घेतला. मी म्हणालो, "वहिनी, आता कशाला?" त्या म्हणाल्या, "भावजी, अर्धं टाकून उठायची सवय न्हाई मला." असं गावाकडलं बोलणं रागात नाहीतर घाईत असल्यावरच यायचं त्यांच्या तोंडात. मी मागं उभा राहून वाचत होतो. त्यांनी लिहिलं – 'इकडं सांगायची तळमळ आणि तिकडं ऐकायची तयारी, दोन्ही एका वेळी असलं की कनेक्शन. यातलं एक जरी नसलं तर नुसती तार.'

फाइल सेव्ह केली. मेलला जोडली. आणि 'कनेक्ट'वर क्लिक केलं.

"'नो डायल टोन' येईल," मी म्हणालो.

आलं नाही.

मोडेमचे दिवे लागले. नंबर फिरवल्याचा आवाज नाही. ती नेहमीची किंचाळीही नाही. आतून फक्त एक बारीक, एकसारखा आवाज आला – गोष्ट सांगताना समोरचा माणूस "हं..." म्हणतो ना, तसा. लांबलचक हुंकार. मग तोही थांबला आणि कोपऱ्यात दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकायला लागले.

घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. ही वेळ मी त्याच क्षणी भिंतीवरच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवली. का, ते मलाही सांगता येत नाही.

मेल गेला. निळी पट्टी एका दमात भरली आणि 'सेंट' आलं. एरवी एवढ्या फाइलला आम्ही चहा पिऊन यायचो.

मी टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. नेट चालू असताना कुणी असं केलं तर कानात खरखर येते आणि लाइन तुटते. कानात काही नाही. भिंतीला कान लावल्यासारखं. आणि स्क्रीनवर ते दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकतायत.

"काय झालं रे शिवा?" आप्पांनी विचारलं. "तोंड कावून असं केलंस?"

डोक्यात एकच गोष्ट – खात्री करायची. वहिनींना बाजूला सरकायला सांगितलं, कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि पुण्याच्या त्या सर्व्हरला पिंग केलं. आमच्या लाइनवर उत्तर यायला तीनशे-चारशे मिलिसेकंद लागायचे, कधी हजारही. उत्तरं आली. चारही. आणि प्रत्येकासमोर – दहापेक्षा कमी.

दहापेक्षा कमी म्हणजे काय, ते जाणकारांना सांगायला नको. एवढ्या वेळात उत्तर फक्त शेजारच्या खोलीतल्या मशीनकडून येतं.

भीती म्हणाल तर भीती नव्हती. कुणीतरी अगदी दाराशी उभं राहून "हाय" म्हणावं, तसं वाटलं. पुन्हा पुन्हा पिंग करण्यात दहा-बारा मिनिटं गेली.

"भावजी, मेल आलाय," वहिनी म्हणाल्या.

खरंच आला होता. पुण्याच्या संपादक बाईंचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. वहिनींनी मोठ्यांदा वाचलं – "आत्ताच मिळालं. तीसही शब्द वाचून काढले. 'पिंग' वाचून ऑफिस हसतंय. 'सर्व्हर' मी आमच्या साहेबांना वाचून दाखवला. तुमची निवड झाली असं समजा. सोमवारी निघून या."

आप्पा म्हणाले, "ते सर्व्हरचं काय लिवलंयस?"

वहिनींनी पदर सारखा केला आणि खाली बघत वाचलं – "सर्व्हर म्हणजे आमच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान. हजार ठाणं मांडणीवर असतात, पण गिऱ्हाईक जे मागेल तेच काढून दाखवतात. एकाच वेळी दहा जण आले तरी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. आणि दुकान कधी न सांगता बंद नसतं."

आप्पांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. मग म्हणाले, "छापून दे ते. मला पायजे." आणि जरा वेळानं, "सोमवारची कोणती गाडी हाय पुण्याला?"

वहिनी रडल्या नाहीत. हसल्या. इतक्या मोठ्यांदा हसल्या की खालचे औषधवाले जिना चढून बघायला आले.

चार एकतीसला ते दोन चिमुकले कॉम्प्युटर आपोआप विझले. मी परत कनेक्ट केलं – 'नो डायल टोन'. परत – 'नो डायल टोन'. वीस वेळा केलं असेल.

मला वाटलं, केबल मधेच जोडली असणार. दुसरं काय? मी धावत कोपऱ्यावर गेलो. सय्यदचाचा तिथंच, चहा पीत.

"चाचा, चार वाजता लाइन जोडली होती का?"

"कशानं जोडणार? सामान कुठं आलाय?" त्यांनी बोट दाखवलं. मी खड्ड्यात उतरलो. केबलची दोन टोकं, मधे हातभर अंतर, फुटलेल्या तारांचे झुपके, आणि दोन्ही टोकांवर नालीचं पाणी. चाचा म्हणाले, "सकाळपासून इथंच बसलोय मी. नमाजला गेलो तेवढं सोडलं तर हललो नाही. आणि मी गेलो तरी ह्याला कोण हात लावतो?"

मी त्यांना सांगितलं. ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "भाऊ," एवढंच म्हणाले, "माझी चोवीस वर्षं सर्व्हिस झाली."

दादा सातला आला, धुळीनं माखलेला, तोंड पाडून. लातूरच्या मशीनवर फ्लॉपी उघडलीच नव्हती – 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही' म्हणत होती. तीन मशीनवर लावून पाहिली, उपयोग झाला नाही. तो जिन्यावरूनच म्हणाला, "मंगल, मला माफ कर..." आणि वर बघतो तर आप्पा स्वतः सगळ्यांना पेढे वाटतायत. त्याला काही कळेना. वहिनींनी त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, त्यामुळे बराच वेळ विचारताही येईना.

आता तुमच्या मनात येईल ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. मेल दादानं लातूरहून पाठवला असेल? फ्लॉपीवर एकोणतीसच शब्द होते, पुण्याला तीस पोचले. आदल्या दिवशीच गेला असेल? तिसावा शब्द चारनंतर लिहिला, माझ्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या कुठल्या लाइनवरून गेला असेल? मोडेमला एकच वायर होती, आणि ती कुठं जात होती ते मी खड्ड्यात बघून आलो होतो. पुढं मी इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही पत्र लिहिलं. त्यांच्या नोंदीत आमचं लॉगिन होतं – चार बारा ते चार एकतीस. कोणत्या टेलिफोनवरून, हा रकाना कोरा. आणि टेलिफोन ऑफिसच्या कॉलच्या यादीत त्या दिवशी आमच्या नंबरवरून एकही कॉल नाही.

वहिनी सोमवारी पुण्याला गेल्या. आप्पा बसस्टँडवर सोडायला आले होते, येईल त्याला सांगत होते, "आमची सून. इंटरनेटचं पुस्तक लिवायला चालली." तीन महिन्यांनी परत आल्या त्या हातात कामाचं पत्र घेऊनच. त्या तीस शब्दांचं छोटं पुस्तक निघालं, मग दुसरं, मग तिसरं. आसपासच्या गावांतल्या शाळांमध्ये ती पुस्तकं गेली. युसूफ वडगावच्या त्यांच्या स्वतःच्या शाळेनं त्यांना सत्काराला बोलावलं, तेव्हा ज्या गुरुजींनी एकदा "पोरीला कशाला एवढं शिकवता" म्हटलं होतं, त्यांनीच हार घातला. आज त्यांच्या हाताखाली नऊ बायका लिहितात. सगळ्या आपल्याच भागातल्या.

मी गेली वीस वर्षं पॉलिटेक्निकच्या पोरांना नेटवर्किंग शिकवतो. ज्ञानाचा आव आणत नाही, पण तारेतून काय जातं आणि काय जात नाही, एवढं मला कळतं. हातभर तुटलेल्या तारेतून काही जात नाही. वर्षाच्या पहिल्या तासाला हेच शिकवतो, आणि दरवर्षी ते वाक्य बोलताना माझी जीभ क्षणभर अडखळते.

टेलिफोन खात्यात काम केलेलं कुणी वाचत असेल, तर कृपा करून सांगा – असं होऊ शकतं का? मी कुठलंही उत्तर ऐकून घ्यायला तयार आहे. वहिनींना हा प्रश्न मी फक्त एकदाच विचारला. त्या दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तुमी ते शोधत बसा. मला लई काम पडलंय."